मंजुरी घटकाची की आवृत्तीची?

पुनर्वापरासाठी भांडारात ठेवलेल्या सॉफ्टवेअर घटकांचे (तयार कोडच्या तुकड्यांचे) परीक्षण आणि मंजुरी यांविषयी येणाऱ्या प्रश्नांत एक गैरसमज इतक्या वेळा डोकावतो की त्याला सविस्तर उत्तर देणे आता भाग आहे. ‘मंजूर’ हा घटकाचा अंगभूत गुण आहे, एकदा चिकटला की सुटत नाही, असे अनेकजण धरून चालतात. त्याचे उत्तर तिसऱ्या प्रश्नाखाली आहे. घाईत असलेल्यांनी तेवढे तरी वाचावे.

प्रश्न : घटक लिहिणाऱ्यानेच तो मंजूर केला तर चालते का? आमच्या गटात तिघेच आहोत.

उत्तर : चालत नाही. तिघांत लिहिणारा सोडून दोघे उरतात. तेही रजेवर असतील तर शेजारच्या गटातील जाणकाराला विचारावे.

प्रश्न : आमच्याकडे परीक्षणाच्या विनंत्या तीन-तीन आठवडे पडून राहतात. पाच दिवसांत उत्तर न आल्यास विनंती आपोआप मंजूर समजावी, असा प्रस्ताव व्यवस्थापकांनी मांडला आहे. तो स्वीकारावा का?

उत्तर : स्वीकारू नये. मौनाला संमती मानण्याची रीत इथे घातक ठरते, कारण परीक्षकाच्या मौनाचा अर्थ बहुधा ‘मी हे अजून उघडूनही पाहिलेले नाही’ एवढाच असतो. मात्र तीन आठवड्यांचा विलंबही तितकाच घातक आहे, हे तुमच्या व्यवस्थापकांइतकेच परीक्षकांनाही ऐकवले पाहिजे. मंजुरी अडली की माणसे वाट पाहत बसत नाहीत; ती त्या घटकाचा कोड उचलून आपल्या प्रकल्पात चिकटवतात, आणि मग त्या प्रतीची नोंद कुठेच राहत नाही. मुदत जरूर ठेवावी, परंतु ती उलटल्यावर विनंती मंजूर न होता वरच्या जबाबदार व्यक्तीकडे जावी. प्रत्येक घटकाला नावानिशी एक जबाबदार आणि एक पर्यायी परीक्षक असावा. ‘आर्किटेक्चर टीम’ असे सामूहिक नाव लिहिले की ते काम कोणाचेच राहत नाही. तातडीच्या मंजुरीची वेगळी वाट ठेवायची असेल, तर तिला संपण्याची तारीखही असावी. मी पाहिलेल्या एका ठिकाणी ही वाट इतकी रुळली होती की नेहमीच्या मार्गाने येणारी विनंती हाच अपवाद झाला होता.

प्रश्न : एक अंतर्गत लायब्ररी (पुन्हा वापरण्याजोग्या कोडचा संच) दोन वर्षांपूर्वी एका प्रकल्पासाठी मंजूर झाली. ती आता आम्हाला दुसऱ्या प्रकल्पात वापरायची आहे. कोडमध्ये एका ओळीचाही बदल नाही आणि भांडारात ‘मंजूर’ अशी नोंद आहे. मग पुन्हा परीक्षण कशासाठी?

उत्तर : कोड बदललेला नाही हे ज्या विश्वासाने तुम्ही लिहिले आहे, तोच विश्वास ४ जून १९९६ रोजी एरियन ५ या युरोपीय अग्निबाणाच्या पहिल्या उड्डाणाला भोवला. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील सॉफ्टवेअर एरियन ४ मधून आणलेले होते. तिथे ते तपासलेले, मंजूर आणि अनेक उड्डाणांत निर्दोष ठरलेले होते. त्यात आडव्या वेगाशी निगडित एक ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवली जात असे. अशा पूर्णांकात ३२,७६७ च्या पुढची संख्या मावत नाही. एरियन ४ च्या उड्डाणमार्गावर ती तेवढी वाढतच नसल्याने त्या रूपांतराला संरक्षण दिलेले नव्हते, आणि हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता. एरियन ५ चा आडवा वेग सुरुवातीलाच कितीतरी अधिक वाढत असे. संख्या मावली नाही आणि राखीव यंत्रणा बंद पडली. पाठोपाठ मुख्य यंत्रणाही बंद पडली, कारण दोहोंत तेच सॉफ्टवेअर होते. उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत अग्निबाणाचे तुकडे झाले. यातील सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की गणनेचा तो भाग एरियन ५ ला उड्डाणानंतर लागतच नव्हता. जुन्या अग्निबाणाची गरज म्हणून तो तसाच चालू ठेवला होता.

ते सॉफ्टवेअर लिहिल्याबरहुकूमच चालले. चुकीची ठरली ती त्याच्यामागची गृहीतके, आणि नव्या ठिकाणी ती पुन्हा कोणी तपासली नव्हती. म्हणून मी मंजुरीच्या नोंदीत नेहमी तीन गोष्टी मागतो : नेमकी आवृत्ती, नेमका वापर आणि गृहीत धरलेल्या मर्यादा. आवृत्ती म्हणजे केवळ क्रमांक नव्हे. ‘२.४.१’ हा लेखकाने केलेला दावा आहे. प्रत्यक्ष फाइलची ओळख तिच्या हॅशवरून, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेल्या सांकेतिक ठशावरून, पटते, त्यामुळे नोंदीत हॅश हवाच. वापर लिहिताना ‘सर्वसाधारण’ हा शब्द मी खोडून टाकतो. ‘कार्यालयीन अहवालांतील तारखांचे रूपांतर, विश्वासार्ह अंतर्गत स्रोतांतून आलेली माहिती’ असे लिहिले असेल, तरच तोच घटक बाहेरच्या वापरकर्त्यांकडून येणाऱ्या माहितीवर चालवण्यापूर्वी कोणीतरी थांबून विचार करील. मर्यादांत एका वेळी किती विनंत्या, किती मोठी फाइल, कोणती लिपी, कोणते कालक्षेत्र (टाइम झोन), एकाच वेळी अनेक थ्रेडमधून (समांतर चालणाऱ्या कामांतून) वापर चालेल की नाही, हे सगळे यावे. हे जड वाटत असले, तरी लिहिणाऱ्याला ते ठाऊक असते आणि सांगायला त्याला अर्धा तास पुरतो. दोन वर्षांनी तो संस्था सोडून गेल्यावर तेच शोधायला आठवडे जातात.

तुमच्या बाबतीत संपूर्ण परीक्षण नव्याने करण्याची गरज बहुधा पडणार नाही. मूळ नोंद काढा, नव्या प्रकल्पाच्या अटी तिच्याशेजारी मांडा आणि फरक असेल तेवढाच भाग तपासा. दोन वर्षांत त्या लायब्ररीच्या डिपेंडन्सींमध्ये, म्हणजे ती ज्या इतर घटकांवर विसंबते त्यांच्यात, सापडलेले सुरक्षादोषही पाहावे लागतील, कारण कोड स्थिर राहिला तरी त्याच्याविषयीचे ज्ञान स्थिर राहत नाही. मूळ नोंदीत केवळ ‘मंजूर’ एवढाच शब्द असेल, तर मात्र ती नोंद नाहीच असे समजून मूळ लेखकाला आणि सुरक्षा गटाला सोबत घेऊन बसा.

प्रश्न : मंजुरीनंतर फक्त एका टिप्पणीतील शुद्धलेखन सुधारले. पुन्हा मंजुरी घ्यावी का?

उत्तर : होय. नवा कमिट (कोडमधील नोंदवलेला बदल) आला की जुनी मंजुरी आपोआप रद्द करण्याची सोय कोड सांभाळणाऱ्या गिटहब आणि गिटलॅब या दोन्ही सेवांत आहे. ती तुमच्याकडे चालू आहे का, हे प्रशासकाला आजच विचारा.

प्रश्न : लाखो लोक वापरतात असा ओपन सोर्स घटक पुन्हा तपासण्यात वेळ का घालवायचा? इतक्या जणांपैकी कोणीतरी तपासलेच असेल, असे आमचे वरिष्ठ म्हणतात.

उत्तर : ‘कोणीतरी तपासले असेल’ हे वाक्य प्रत्येकजण म्हणतो, हीच अडचण आहे. इंटरनेटवरील संवाद सांकेतिक करणाऱ्या ओपनएसएसएल या घटकातील हार्टब्लीड हा दोष २०१२ पासून प्रसृत आवृत्तीत होता आणि एप्रिल २०१४ मध्ये उघड झाला. मधल्या काळात जगभरचे सर्व्हर तोच कोड चालवत होते. मार्च २०२४ मधील एक्सझेड युटिल्स या फाइल आकुंचनाच्या साधनाचे प्रकरण मंजुरीच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. दीर्घकाळ योगदान देऊन विश्वास मिळवलेल्या एका सहदेखभालकर्त्याने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातली, आणि तिला कार्यान्वित करणारा बिल्ड स्क्रिप्टचा (कोडपासून चालवण्याजोगा प्रोग्राम तयार करणाऱ्या सूचनांचा) तुकडा उघड रिपॉझिटरीत (कोडच्या मूळ साठ्यात) नसून केवळ प्रसृत टारबॉलमध्ये (वितरणासाठी बांधलेल्या फाइलमध्ये) होता. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचे विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याची पद्धत) लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, हा प्रश्न पडला नसता तर ती आणखी किती पसरली असती, याची कल्पनाच केलेली बरी. वरिष्ठांना एवढेच सांगा की रिपॉझिटरी वाचून टारबॉल मंजूर करता येत नाही. प्रत्येक ओळ तपासणे शक्य नाही, हे मला मान्य आहे; कोणत्या घटकाला किती खोलवर तपासायचे, हे सुरक्षा गटाशी बोलून ठरवावे.

प्रश्न : नेटवर उघड असलेल्या कोडला कोणताच परवाना जोडलेला नाही. म्हणजे तो मुक्त समजायचा ना?

उत्तर : नेमके उलट. परवाना नसेल तर सर्व हक्क सामान्यतः लेखकाकडेच राहतात. लेखकाची लेखी परवानगी मिळवा आणि विधी सल्लागारांना विचारल्याशिवाय तो भांडारात घेऊ नका.

प्रश्न : एक विक्रेता सांगतो की त्याचे साधन घेतले तर परीक्षण संपूर्ण स्वयंचलित होईल. घ्यावे का?

उत्तर : साधन जरूर पाहा, पण ‘संपूर्ण’ हा शब्द ऐकताच सावध व्हा. परवान्यांची यादी, ज्ञात दोषांशी जुळणी, डिपेंडन्सींची झाडे ही कामे यंत्राने माणसापेक्षा चांगलीच होतात. हा घटक आपल्या वापराला योग्य आहे का, हे मात्र यंत्राला विचारण्यात अर्थ नाही. तो वापर त्याला कोणी सांगितलेलाच नसतो. प्रात्यक्षिकात हिरव्या खुणांनी भरलेला पडदा दाखवण्यापलीकडे विक्रेता जात नसेल, तर तुमच्याकडे पूर्वी नाकारलेला एक घटक त्याच्या साधनाला द्या आणि काय होते ते पाहा. घटकांची यादी एसपीडीएक्स किंवा सायक्लोनडीएक्स या, अशा याद्यांसाठीच्या, खुल्या स्वरूपांत बाहेर काढता येते का, हेही करारापूर्वी लेखी विचारा, नाहीतर पुढे साधन बदलताना सगळ्या नोंदी मागेच राहतील.

प्रश्न : मंजूर केलेला घटक मागे घ्यायचा आहे. भांडारातून काढून टाकला की झाले ना?

उत्तर : कृपया काढून टाकू नका. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचा अवघ्या ११ ओळींचा घटक त्याच्या लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्ट घटकांच्या सार्वजनिक भांडारातून काढला आणि त्याच्यावर अप्रत्यक्षपणे विसंबलेल्या असंख्य प्रकल्पांची बिल्ड बंद पडली. तो काही तासांत परत ठेवावा लागला. आधी घटकावर ‘नव्या वापरास मनाई’ अशी खूण करा, पर्याय सांगा, मुदत द्या, आणि मगच तो बंद करा. गंभीर सुरक्षादोष असेल तर मुदत तासांत मोजावी, पण त्यासाठी तो घटक कुठे कुठे वापरात आहे हे आधीच ठाऊक असावे लागते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावातील नोंदी ठेवणाऱ्या घटकातील दोषाला तीव्रतेचे १० पैकी १० गुण मिळाले, तेव्हा अनेक गटांचा वेळ दुरुस्तीपेक्षा शोधातच गेला, कारण तो घटक दुसऱ्या घटकांच्या पोटात दडून आलेला होता. शिवाय पहिली दुरुस्ती अपुरी ठरल्याने २.१५.० नंतर २.१६.० आणि २.१७.० या आवृत्त्याही लागोपाठ घ्याव्या लागल्या. तुमच्या घटकाच्या वापरकर्त्यांची यादी भांडारात नसेल, तर मागे घेण्याची सूचना काढण्यापूर्वी बिल्ड पाइपलाइन सांभाळणाऱ्यांना भेटा. कोणती बिल्ड हा घटक उतरवून घेतात, हे त्यांच्या लॉगमध्ये सापडण्याची शक्यता सर्वाधिक आहे.