जुनी फायबरची होडी घेतली आहे, आत पाणी येतं. गळती कशी शोधायची, कोणतं रेझिन वापरायचं? बाहेरून फायबरचा एक थर मारून घेतला तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. पाणी कुठून शिरतंय ते सापडेपर्यंत होडीला रेझिनचा ब्रशसुद्धा लावू देऊ नका.

हा थराचा सल्ला तुम्हाला बहुतेक टाक्या बनवणाऱ्या कुणीतरी दिला असणार. आमच्या घरातही असे एक आहेत, आमचे भावजी. चेंदणी कोळीवाड्यातले, तुर्भे एमआयडीसीत फायबरच्या टाक्या बनवायचा गाळा. माणूस मनाने लाख चांगला, पण फायबरचा विषय निघाला की समोरच्याला बोलू देत नाहीत. मी टीटीसीतल्या (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या) एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला होतो. ॲसिडच्या टाक्यांचं एफआरपी लायनिंग, म्हणजे आतलं फायबरचं अस्तर, कुठे सुटतं आणि का सुटतं, हे बघण्यात माझी नोकरी गेली. तरी घरात शब्द चालतो भावजींचा, कारण ते जावई.

तर आमच्या बाबांची होडी. दिवाळे कोळीवाड्यात आमची लाकडी होडी होती, ती काढून बाबांनी फायबरची घेतली, तीही जुनीच, करंज्याच्या एकाकडून. काही वर्षं छान चालली. मग रोज सकाळी फळ्यांखाली पाणी दिसायला लागलं, तेही बरोबर मध्यावर. नाळेकडे कोरडं, मागे थोडी ओल, मध्ये डबकं. बाबा बालदीने उपसायचे आणि जाळी घेऊन निघायचे. लाकडी होडीत आयुष्य गेलेल्या माणसाला होडीत पाणी असणं ही तक्रार वाटतच नाही.

पावसाळी बंदीत, जुलैमध्ये, होडी वर ओढलेली असताना भावजी आले, बुडाखाली वाकून बघितलं आणि निकाल दिला: सिमेंटच्या उतारावर ओढून ओढून बूड घासलंय, मध्यावर पाणी येतं म्हणजे मध्यावरच झिरपतंय. मी म्हटलं, आधी पाणी भरून बघू. ते म्हणाले, "तुला कंपनीतला ठावं, होडीतला काय ठावं?" दोन दिवसांत त्यांची पोरं आली, रंगावरून ग्राइंडर नावाला फिरवला, मॅटचे (काचेच्या तुटक धाग्यांच्या चटईचे) दोन थर, वर काळं पिगमेंट. वरती ताडपत्री, बाजूला धो धो पाऊस. दिसायला नवी कोरी होडी. बाबा खूश, आई खूश, भावजींना जिताड्याचं जेवण.

नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली. नवरात्रापर्यंत मध्यावर परत डबकं. आणि आता बुडाचा तो थरही कडेने पापडासारखा उचलला गेलेला. मी बोटाने धरून ओढला तर हातभर तुकडा निघून आला, आणि त्याच्या आतल्या बाजूला होडीचा जुना निळा रंग जसाच्या तसा. म्हणजे फायबर रंगाला चिकटलं होतं, होडीला नाही. तो तुकडा मी अजून माळ्यावर ठेवलाय. भावजींना दाखवला तेव्हा ते म्हणाले, "पानी पावसाचा हाय."

मग मात्र मी बाबांना सांगितलं, आता माझ्या पद्धतीने. पावसाचं पाणी आहे की नाही हे ठरवणं सगळ्यात सोपं. दसऱ्यानंतर उघडीप झाल्यावर होडी आतून फडक्याने पुसून कोरडी केली, वरून ताडपत्री घट्ट बांधली आणि जेट्टीला तरंगत ठेवली. सकाळी डबकं हजर. (लोक चव घेऊन खारं-गोडं ठरवायला सांगतात. आपल्या खाडीचं पाणी कुणी चाखत असेल तर त्याला नमस्कार.)

पुढची पायरी उलटी आहे आणि नव्या माणसाला ती सुचत नाही. बाहेरचं पाणी आत कुठून येतं हे आतून दिसत नाही, म्हणून आतलं पाणी बाहेर कुठून जातं ते बघायचं. होडी वर घेतली, जुन्या टायरांवर आणि ओंडक्यांवर नीट टेकवली, फळ्या काढल्या, आत खाण्याचा लाल रंग टाकून पाणी सोडलं आणि मी खडू घेऊन खाली बसलो. बूड ठणठणीत कोरडं. भावजींनी बोट दाखवलेली जागा तर सगळ्यात कोरडी. तासभर काहीच नाही. मग मागच्या पाटीला, इंजिन टांगतो तिला, बाहेरून अगदी खाली चार बारीक गोल ओले झाले आणि त्यातून पाणी ठिबकायला लागलं. लाल नाही, तपकिरी.

तिथे रंग खरवडला तर खाली पुट्टीने बुजवलेली स्क्रूची भोकं. आधीच्या मालकाने फिश फाइंडरचा (मासे शोधायच्या यंत्राचा) सेन्सर लावला असणार आणि होडी विकताना काढून घेतला असणार. पाटीच्या आत प्लायवूड असतं. फायबर कुजत नाही, प्लायवूड कुजतं, तपकिरी पाणी त्याचंच. भोकातून शिरलेलं पाणी प्लायवूडमधून बुडाच्या आतून लांबीने जाणाऱ्या पोकळ पट्टीत उतरायचं आणि पट्टीला जिथे भोक होतं तिथे, होडीच्या मध्यावर, बाहेर यायचं. पाणी दिसतं ती जागा आणि शिरतं ती जागा यांत अर्ध्या होडीचं अंतर असू शकतं, हे मी भावजींना जुलैपासून सांगत होतो.

तुमच्या होडीत काय आहे ते मी इथून सांगू शकत नाही, पण बुडावर संशय घेण्याआधी जिथे जिथे कुणीतरी भोक पाडलंय तिथे बघा. सेन्सर, इंजिनचे बोल्ट, पंपाचा पाइप, पंख्याचा शाफ्ट असेल तर त्याचं ग्लँड, म्हणजे शाफ्ट बाहेर जातो तिथलं पाणी अडवणारं सील. शाफ्ट फिरताना ग्लँडमधून थेंब थेंब येणं ठीक, उभ्या होडीत धार येणं ठीक नाही. होडी चालवतानाच पाणी येत असेल आणि बांधून ठेवल्यावर येत नसेल, तर पाण्याच्या रेषेच्या वर, कडेच्या रबर पट्टीखाली, वरचा आणि खालचा भाग जोडलाय तो सांधा तपासा. मग छोट्या हातोडीने हळूहळू ठोकत सगळीकडे फिरा. खणखणीत आवाज आला तर बरं, बद्द आला तर तिथे थर सुटलेत किंवा आतलं लाकूड गेलंय. जेलकोटवरच्या, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत रंगीत थरावरच्या, बारीक रेघा बघून घाबरू नका, त्यातल्या बऱ्याच वरवरच्या असतात. फोड मात्र फोडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर पाणी फायबरच्या आत मुरलंय आणि काम मोठं आहे.

आता रेझिन. पॉलिस्टर स्वस्त, तुर्भ्यात सहज मिळतं, आणि नवी होडी त्यातच बनते. पण दुरुस्ती म्हणजे जुन्या, पूर्ण सुकलेल्या फायबरवर नवं चिकटवणं, आणि तिथे इपॉक्सीची पकड जास्त. पाण्याच्या रेषेखाली मी इपॉक्सीच वापरतो. फक्त एक गोष्ट कारागीर विसरतात: साध्या चॉप्ड मॅटमधले धागे धरून ठेवणारा बाइंडर पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. त्यामुळे इपॉक्सीबरोबर विणलेलं ग्लास कापड घ्या. आणि एकदा इपॉक्सी लावली की तिच्यावर पॉलिस्टर मारू नका, नीट धरत नाही.

बुडाला खरंच चीर असेल तर बाहेरून फायबर लावायचंच आहे, पण रंगावर नाही. आधी ॲसिटोनने पुसायचं, मग ग्राइंडर. उलटं केलं तर मेण आणि तेल घासून आत जातं. उघडं फायबर दिसेपर्यंत खरवडायचं आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना जाडीच्या बारा पट उतार द्यायचा, म्हणजे 5 मिमी जाडीला प्रत्येक बाजूला 60 मिमी. जेवढं घासून काढाल तेवढंच थराथराने परत भरायचं. पॉलिस्टरबरोबर 450 ग्रॅमच्या (दर चौरस मीटरला) मॅटचा एक थर साधारण 1 मिमी होतो, हिशोब त्यावरून. रात्री पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून ठेवा. सकाळी आतून दव धरलं तर अजून सुकलेलं नाही, थांबा. पावसाळ्यात हे काम करू नका. भावजी करतात.

आमच्या पाटीचं कुजलेलं प्लायवूड आतल्या बाजूने कापून काढलं, महिनाभर सुकू दिलं, मरीन प्लाय इपॉक्सीत बसवला आणि वरून कापड घेतलं. भोकं मोठी करून घट्ट इपॉक्सीने भरली. बुडाला हात लावला नाही, तरी होडी कोरडी झाली. बूड घासलेलं होतं हे भावजींचं म्हणणं खरं, एवढं मान्य. पण घासलेलं आणि गळणारं यांत फरक असतो, आणि हा फरक ते पुढच्या लग्नकार्यातही मान्य करणार नाहीत.

काही गोष्टी वर सांगायच्या राहिल्या. मी लहान होड्यांबद्दल बोलतोय, मोठ्या बोटीला हे लागू नाही. पाणी भरताना काठोकाठ भरू नका, एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, टेकू चुकला तर होडी तिथेच फुटेल. ग्राइंडरची धूळ फुप्फुसात जाते, रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क घ्या. पॉलिस्टर वापरलंत तर कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला घालतात ते) आणि हार्डनर (रेझिन घट्ट करतं ते) कधीही थेट एकमेकांत ओतू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचं, हार्डनर त्यानंतर, एक ते दोन टक्के. सिलिकॉन तर होडीजवळही आणू नका, एकदा लागलं की त्या जागेवर पुढे काहीच चिकटत नाही.

आणि हे सगळं करायच्या आधी मागच्या बुचाचा (आतलं पाणी सोडायचं भोक बंद करतो त्याचा) रबर वॉशर बदलून बघा. बऱ्याचदा पाणी तिथूनच येतं.