पाण्याच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकूनही जिवाणू का उरतात?

फक्त डोस वाढवू नका, आधी टाकीची भिंत हाताने चाचपून पाहा. बुळबुळीत लागली, तर जिवाणू तिथेच आहेत. ते स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. वरच्या थरातच क्लोरीन खर्ची पडतो आणि आतले जिवाणू जगतात. पुढे तेच सुटून नळात येतात. म्हणून आधी ब्रशने घासून गाळ काढा, हे टाळून चालतच नाही.

पावसाळ्यात गोदावरीला गढूळ पाणी येतं, तेव्हा विहीर-बोअरचं पाणीही तपासा. मातीच्या कणांआड जिवाणू लपतात, म्हणून पाणी निवळल्याशिवाय क्लोरीन देऊ नका.

ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. १,००० लिटरला ५ ग्रॅम घ्या, बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि फक्त वरची निवळी टाकीत ओता. निदान अर्धा तास थांबा. पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीपणाचं माप) ८ च्या वर असेल तर आणखी वेळ द्या, कारण तिथे क्लोरीन मंदावतो. मग शेवटच्या नळावर तपासा: मुक्त क्लोरीन (जंतू मारायला पाण्यात शिल्लक राहिलेला) लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी हवा. टाकीजवळची चाचणी पुरेशी नाही.

उघडी राहिलेली टीसीएलची पिशवी मात्र वापरू नका. दमट हवेत तिचा जोर झपाट्याने उतरतो, वजन तेवढंच दिसतं.