‘माझा घोडा जिंकला होता, मॅडम’

रेस खेळणाऱ्यांच्या घरच्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. ‘हरले तर समजू शकतो, पण हे म्हणतात मी जिंकलो होतो. गेलेले पैसे काढायला पुन्हा जातात. यांना समजवायचं कसं?’ ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे इतक्या वेळा ऐकलंय की एका जोडप्याची हकिगत, ओळख पटू नये इतपत बदलून, सांगते.

गृहस्थ पन्नाशीचे, वागळे इस्टेटमध्ये सुपरवायझर. रेसच्या दिवशी ठाण्याहून दादर, तिथून महालक्ष्मीचं रेसकोर्स. वर्षानुवर्षं बेताने खेळत होते. मग एका रेसमध्ये त्यांचा घोडा पहिला आला, पण शेवटच्या टप्प्यात तो आत सरकला होता आणि मागच्याची वाट अडली होती. ऑब्जेक्शन, म्हणजे निकालावर हरकत, लागलं, स्टुअर्ड्सनी, म्हणजे रेसच्या पंचांनी, चित्रीकरण पाहिलं आणि घोडा दुसरा ठरवला. ‘विन’चं, म्हणजे घोडा पहिला येईल म्हणून काढलेलं, तिकीट रद्दी झालं. ते त्यांनी पाकिटात, रेल्वेच्या पासामागे जपून ठेवलं होतं. पहिल्याच भेटीत टेबलावर ठेवलं. घडीवरची अक्षरं पार उडाली होती. मधल्या काळात पतपेढीचं कर्ज झालं होतं, बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या.

“हे माझ्या हक्काचे पैसे होते, मॅडम. तेवढे निघाले की बंद.”

साधी हार माणूस पचवतो. हातात आलेली जीत काढून घेतली की ती पचत नाही. घोडा शेवटचा खांब ओलांडून गेला आणि निकाल जाहीर झाला, यांच्यामधल्या मिनिटांत या गृहस्थांनी मनातल्या मनात मुलीची फी भरून टाकली होती. त्यानंतरचा प्रत्येक डाव त्यांच्या लेखी जुगार नव्हताच, वसुली होती. आणि वसुली करणाऱ्याला अपराधी वाटत नाही. म्हणून घरच्यांच्या शपथा, रडणं, अबोला, सगळं वाया जातं.

पुढच्या वेळी ते पुरावा घेऊन आले. अमेरिकेतली २०१९ची केंटकी डर्बी. मॅक्झिमम सिक्युरिटी हा घोडा पहिला आला, सुमारे २२ मिनिटं चौकशी चालली, आडवा आल्याबद्दल त्याला सतराव्या जागी टाकलं आणि ६५ला १ भावाचा कंट्री हाउस विजेता ठरला. “बघा, जगभर हाच अन्याय!”

मी विचारलं, “तुमचा दुसरा आलेला घोडा ऑब्जेक्शनमुळे कधी पहिला ठरलाय?”

“ठरलाय की. पुण्याला. चांगले पैसे आले होते.”

“परत केलेत?”

“परत कशाला? नियमानेच मिळाले.”

“मग आधी पहिल्या आलेल्या घोड्यावर ज्याने लावले होते, त्याच्या हक्काचं काय?”

ते तिकीट उलटसुलट करत बसले. बायको बोलायला गेली, तिला मी हातानेच थांबवलं. अशी शांतता जपता येणं हे मला वर्षानुवर्षांच्या कामाने शिकवलंय. बऱ्याच वेळाने म्हणाले, “म्हणजे निकाल लागेपर्यंत ते कुणाचेच नव्हते.”

हे वाक्य मी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर त्यांनी मला रेसमधलं काय कळतं म्हणून उडवून लावलं असतं. मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची. घटनेपेक्षा ‘असं व्हायलाच हवं होतं’ हा हट्ट माणसाला जास्त छळतो, हे अशा वेळी लख्ख दिसतं.

नंतर एकदा “सुप्रीम कोर्टाने १९९६मध्ये रेसला कौशल्याचा खेळ म्हटलंय,” असंही झालं. खरंच म्हटलंय. पण तो कायद्याचा निवाडा आहे. आपल्याला थांबता येतं की नाही, हे तो सांगत नाही.

घरच्यांना माझं सांगणं असं. घोडा, जॉकी, स्टुअर्ड यांच्यावर वाद घालू नका. त्यात तो खेळतच राहतो. कर्जाची यादी एकत्र बसून करा, सावकाराचं लपवलेलंही त्यात येऊ द्या. पण ‘शेवटचं’ म्हणून सगळं एकरकमी फेडून टाकू नका, मोकळा झालेला हात पुन्हा पैसे लावायच्या खिडकीकडे जातो. पगाराचं खातं, यूपीआय आणि कार्ड काही काळ जोडीदाराकडे असावं, तेही त्याच्या संमतीने. जुगाराचं व्यसन हा उपचार होऊ शकणारा आजार आहे. झोप उडाली असेल, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल, तर समुपदेशनाची पाळी येईपर्यंत थांबू नका. मनोविकारतज्ज्ञांना गाठा, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६वर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.