डॅक बोर्ड जोडण्याआधी अर्थिंग बघा

डिजिटल आकड्याचं अ‍ॅनालॉग व्होल्टेज करणारी चिप तपासायचा बोर्ड, म्हणजे डॅकचा इव्हॅल्युएशन बोर्ड. त्याबद्दल पुन्हा पुन्हा तेच प्रश्न येतात, म्हणून एकत्र उत्तरं देतो.

बोर्डावर ५ व्होल्ट लिहिलंय. घरातला १२ व्होल्टचा अडॅप्टर चालेल का? (आर्वी)

नाही.

व्हिडिओ पाहून जंपर (बोर्डावरच्या दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) लावले, तरी आउटपुट शून्य. (पुसद)

व्हिडिओतला बोर्ड तुमच्याच आवृत्तीचा कशावरून? बोर्डावर छापलेली आवृत्ती बघा, तिचीच पुस्तिका उघडा. रेफरन्स व्होल्टेजचा, म्हणजे चिप ज्याच्या मापाने आउटपुट ठरवते त्या व्होल्टेजचा, जंपर आधी तपासा. रेफरन्सच नसेल तर आउटपुट कुठून येणार? जंपर हलवताना सप्लाय बंद.

लॅपटॉपला जोडलेल्या बोर्डाला हात लावला की मुंग्या येतात, आउटपुटही थरथरतं. दुकानदार म्हणतो, काही होत नाही, नॉइज फिल्टर घ्या. (मूल गावचे शिक्षक)

फिल्टर घेऊ नका सर. अडॅप्टरमधल्या कपॅसिटरमधून थोडी गळती होतेच. ती अर्थिंगमधून जायला हवी. वाट नसेल तर यूएसबीच्या ग्राउंडवर शंभरेक व्होल्ट तरंगत राहतात आणि दुसरं उपकरण जोडताना चिपवर उतरतात. उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते, अर्थिंगच्या रॉडला सोडते, आणि खड्ड्यात कोणी बादलीभर पाणी ओतत नाही. एका शाळेत मेन बंद करून सॉकेट उघडलं, तर न्यूट्रलचाच तुकडा तिसऱ्या पिनेला वळवलेला. तिथे सॉकेटच्या मागे लाइनमध्ये न्यूट्रल तुटली असती तर लॅबमधल्या प्रत्येक लोखंडी पेटीवर २३० व्होल्ट आले असते, आणि पोरं त्याच पेट्यांना हात लावतात! न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट दिसले तर ठीक. लोड चालू असताना अगदी शून्य दिसलं तरी शंका घ्या. आणि अर्थिंगचा रोध मल्टिमीटर सांगत नाही, त्याला अर्थ टेस्टर लागतो. परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. तोवर बोर्ड खोक्यात राहू द्या.

१६ बिटचा डॅक, रेफरन्स ५ व्होल्ट. एक पायरी वाढवली तरी मीटर हलत नाही. बोर्ड बदलू? (दारव्हा)

नको. १६ बिटच्या ६५,५३६ पायऱ्यांनी ५ ला भागा: एक पायरी ७६ मायक्रोव्होल्टची. साधं मीटर २० व्होल्टच्या रेंजवर १० मिलिव्होल्टखालचं दाखवत नाही. एकदम १,००० पायऱ्या वाढवा.

चिप तीन आठवड्यांपासून चटका बसेल इतकी तापते. (आरमोरी)

तीन आठवडे थांबलात कशाला, भाऊ? आत्ता सप्लाय काढा. बोर्ड न जोडता सप्लायचं व्होल्टेज मोजा आणि तो आकडा कंपनीच्या तांत्रिक मदत विभागाला कळवा. त्यांचं उत्तर येईपर्यंत पुन्हा जोडू नका.