वाचकांचे प्रश्न : रॉबीच्या आत कोण?

प्रश्न : ‘द इन्व्हिजिबल बॉय’ (१९५७) या कृष्णधवल चित्रपटात छोट्या टिमीसोबत दिसणारा रोबो ‘फॉरबिडन प्लॅनेट’मधलाच का? आतल्या माणसाला दिसायचं कसं?

उत्तर : हो, तोच रॉबी. एमजीएम या हॉलिवूड स्टुडिओने तो १९५६च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’साठी बनवला आणि तोच सांगाडा पुढच्या वर्षी पुन्हा वापरला. उंची सुमारे सात फूट. पाय, धड आणि डोकं असे तीन सुटे भाग. माणूस आत शिरला की ते एकावर एक बसवायचे.

पारदर्शक घुमटात फिरणारी यंत्रं आहेत, तिथे माणसाचं डोकं नसतं. त्याचा चेहरा त्याखालच्या निऑन नळ्यांच्या जाळीमागे असतो आणि नळ्यांमधल्या फटींतूनच तो बाहेर पाहतो. रॉबी बोलताना उजळतात त्या याच नळ्या. नजरेचा टप्पा असा अरुंद, त्यात पायांचे फुगीर गोळे. म्हणून पाऊल आखूडच पडतं. आवाज मात्र मार्व्हिन मिलर यांचा, नंतर डब केलेला. टिमीच्या भूमिकेतला रिचर्ड आयर इतका सहज वावरतो की समोर पोशाख आहे हे विसरायला होतं, आणि चित्रपटाची खरी ताकद तीच आहे.

वेगळी प्रत शोधण्याआधी ‘फॉरबिडन प्लॅनेट’ची ब्लू-रे तपासा, पुरवणी म्हणून ‘द इन्व्हिजिबल बॉय’ हा पूर्ण चित्रपट तिच्यात आहे.