ड्रोनमुळे कुणालाच इजा झाली नाही, तरीही उडवणाऱ्यावर गुन्हा का दाखल व्हावा?

तुम्ही मला लिहिलंय की ड्रोन कुणाला लागला नाही, कशाचं नुकसान झालं नाही, मग नुसता 'धोकादायक पद्धतीने उडवला' म्हणून दंड किंवा कैद हा अन्याय आहे. मला तसं वाटत नाही. मी कामासाठी ड्रोन उडवतो, हे नियम मलाही पाळावे लागतात, आणि तरीही ते असायलाच हवेत असं माझं ठाम मत आहे.

स्क्रीनवर फक्त कॅमेऱ्यासमोरचं दिसतं. मागून किंवा वरून काय येतंय ते त्यात नसतं. लेन्स वाइड असल्यामुळे समोरची फांदी आहे त्यापेक्षा लांब वाटते, आणि बारीक तार तर पुष्कळदा दिसतच नाही. सिग्नल तुटला की बहुतेक ड्रोन आधी ठरवून दिलेल्या उंचीवर जातात आणि तिथून सरळ रेषेत परत निघतात. ती उंची वाटेतल्या टॉवरपेक्षा कमी ठेवलेली असेल, तर ड्रोन जाऊन टॉवरवर आदळू शकतो. म्हणून बहुतेक देशांच्या नियमांत 'ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवा' ही मूळ अट असते. मला तर उंचीच्या मर्यादेपेक्षाही ही अट महत्त्वाची वाटते.

त्याचं कारण 2017 च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कजवळ दिसलं. तिथे एक छोटा ड्रोन अमेरिकन लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरला धडकला. हेलिकॉप्टर जेमतेम 300 फुटांवर होतं, म्हणजे ड्रोनसाठी सर्रास मान्य असलेल्या 400 फुटांच्या आतच. त्याच्या मुख्य पात्याला खोक पडली, पण ते सुखरूप उतरलं. उडवणारा माणूस सुमारे चार किलोमीटर दूर, टॅबलेटवर नजर ठेवून होता. हेलिकॉप्टरमध्ये अडकलेल्या ड्रोनच्या मोटरवर क्रमांक होता, त्यावरून तपास करणारे त्याच्यापर्यंत पोचले. टक्कर झाली हे त्याला कळलं ते त्यांनी संपर्क साधल्यावर! त्या हवाई हद्दीत तेव्हा तात्पुरती बंदी होती, तीही त्याला माहीत नव्हती.

दुसरा प्रसंग जानेवारी 2025 चा. लॉस एंजेलिसजवळ पॅलिसेड्सचा वणवा पेटलेला असताना एकाने आग बघायला पार्किंगच्या इमारतीवरून ड्रोन सोडला. अडीच किलोमीटर गेल्यावर तो त्याला दिसेनासा झाला आणि आगीवर पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखावर आदळला. पंखाला मुठीएवढं भोक पडलं. वैमानिक वाचले, पण दुरुस्तीसाठी विमान जमिनीवर ठेवावं लागलं, तेही घरं जळत असताना. तुमच्या व्याख्येप्रमाणे इथेही 'कुणाला लागलं नाही'. त्याने न्यायालयात कबूल केलेला गुन्हा होता मानवरहित विमान असुरक्षितपणे उडवण्याचा.

दोन्ही वेळा माणसं वाचली, पण त्यात ड्रोन उडवणाऱ्याचं काहीच कर्तृत्व नव्हतं. दिसत नसतानाही त्याने ड्रोन पुढे नेला, त्याच क्षणी त्याची चूक पुरी झाली होती. पुढे काय होणार हे त्याच्या हातात राहिलंच नव्हतं. शिक्षा त्या कृतीची व्हायला हवी, नशिबाने काय निभावलं त्यावरून नव्हे.

आपल्याकडेही कायद्याची धारणा हीच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 नुसार बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात घातली, तर इजा झाली नसली तरी तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. इजा झाली तर सहा महिन्यांपर्यंत, गंभीर इजा झाली तर तीन वर्षांपर्यंत. ड्रोन नियम 2021 वेगळे, त्यांच्या उल्लंघनासाठी दंडाची तरतूद आहे. तुमचा ड्रोन 250 ग्रॅमच्या आतला, म्हणजे नॅनो वर्गातला, असं तुम्ही लिहिलंय. त्यासाठी रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही हे खरं. पण रेड झोनची, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही अशा हवाई हद्दीची, बंदी त्यालाही आहे, आणि कलम 125 वजन विचारत नाही.

कायद्याची खरी लंगडी बाजू म्हणजे माणूस सापडणं. डिसेंबर 2018 मध्ये ड्रोन दिसल्याच्या खबरांमुळे लंडनचा गॅटविक विमानतळ वारंवार बंद ठेवावा लागला, सुमारे 1000 उड्डाणं रद्द झाली किंवा वळवावी लागली, आणि दोषी कोण ते आजवर ठरलेलं नाही. म्हणूनच उडताना ड्रोनने स्वतःची ओळख आणि ठिकाण प्रसारित करत राहावं, ही 'रिमोट आयडी'ची सक्ती मला योग्य वाटते. अमेरिकेत ती मार्च 2024 पासून काटेकोरपणे लागू आहे. खासगीपणाचा आक्षेप मला कळतो, पण गाडीला नंबरप्लेट असतेच की.