वाचकांचे प्रश्न : स्वतःच्या गाडीने, कुटुंबासह हिमालयात

उन्हाळ्याच्या सुट्या तोंडावर आल्या असल्याने या वेळी स्वतःच्या गाडीने हिमालयात जाण्याविषयी आणि तेथे तंबूत राहण्याविषयी इंदूर व परिसरातून आलेली पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्राला दिलेले उत्तर लांबले आहे, कारण तसाच बेत अनेक घरांत आखला जात असावा.

प्रश्न : मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण, म्हणजे मी, पत्नी, अकरा व सहा वर्षांची दोन मुले आणि माझी अडुसष्ट वर्षांची आई, आमच्या गाडीने इंदूरहून मनाली, तेथून कुंझुम खिंड ओलांडून स्पितीतील काझा आणि परतताना किन्नौर, शिमला अशी फेरी बारा दिवसांत करू इच्छितो. आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे. एकूण अंतर दिवसांवर वाटले तर रोज अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर पडते आणि ते सहज जमेल असे वाटते. आपले मत कळवावे. (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : हा बेत आपण बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिली अडचण तारखांची आहे. कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरहून उंच असून हिवाळ्यात साचलेला बर्फ हटवून तो रस्ता साधारणपणे मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये खुला होतो. रोहतांगखालून जाणारा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाल्यापासून लाहौलमध्ये जाणे सोपे झाले, परंतु कुंझुम त्याच्या पुढे आहे आणि बोगद्यामुळे तिच्यावरचा बर्फ काही लवकर वितळत नाही. मेच्या मध्यात काझ्याला जायचे असेल तर शिमला, रामपूर, किन्नौर असेच जावे लागेल आणि त्याच वाटेने परतावे लागेल.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. डोंगरातला प्रवास किलोमीटरवर मोजता येत नाही. तो रात्रीच्या मुक्कामांच्या उंचीवर मोजावा लागतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर आहे आणि काझा सुमारे तीन हजार सातशे मीटरवर. विरळ हवेत श्वास, रक्त आणि झोप यांची घडी नव्याने बसायला शरीराला वेळ लागतो आणि तो वेळ गाडीच्या वेगाने कमी होत नाही. साधारण तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून अधिक उंच नसावी आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक जादा रात्र काढावी, हा डॉक्टरांनी घालून दिलेला सर्वमान्य नियम आहे. मनालीहून, म्हणजे दोन हजार मीटरवरून, एका दिवसात काझ्याला पोहोचणारा प्रवासी तो नियम पार मोडून टाकतो. त्याचे फळ डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणे आणि रात्रभर झोप न लागणे या रूपाने मिळते. हे दुखणे तरुणाला होते तसेच म्हाताऱ्यालाही होते. आपल्या सहा वर्षांच्या मुलाला मात्र ते नीट सांगता येणार नाही. एरवी खेळणारे मूल किरकिर करू लागले, जेवेनासे झाले, एका जागी पडून राहू लागले, तर दुसरे कारण सापडेपर्यंत ती उंचीची बाधा आहे असेच धरून चालावे आणि त्या दिवशी वर जाऊ नये. चालताना तोल जाणे, बोलण्यात असंबद्धता येणे, बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून फेसाळ थुंकी येणे ही जिवावरची लक्षणे आहेत आणि त्यांच्यावर तातडीने खाली उतरणे हाच खरा उपाय आहे. दुकानांत मिळणारे ऑक्सिजनचे छोटे डबे काही मिनिटांत संपतात, म्हणून त्यांच्या भरवशावर मुक्काम वाढवू नये.

येथेच स्पितीची एक अडचण लक्षात घ्यायला हवी आणि ती नकाशा पाहून लक्षात येत नाही. काझ्याहून चटकन खाली उतरता येत नाही. मनालीच्या बाजूला निघालात तर आधी कुंझुम चढावी लागते. किन्नौरच्या बाजूला ताबो केवळ चारशे मीटर खाली आहे आणि त्याच्या पुढे रस्ता नाकोपाशी पुन्हा साडेतीन हजार मीटरच्या वर चढतो, मगच सतलजच्या खोऱ्यात उतरतो. आजारी माणसाला घेऊन अडीच हजार मीटरच्या खाली पोहोचायला जवळजवळ पूर्ण दिवस जातो. ज्या कुटुंबात वयस्कर आई आणि लहान मूल आहे, त्याने तेथे घाईने जाऊ नये असे मी म्हणतो ते याच कारणाने.

बारा दिवसच हाताशी असतील तर स्पिती सोडून किन्नौर पाहावे. त्यात कमीपणा मुळीच नाही. दोन दिवसांत जयपूरमार्गे चंडीगड, तिसऱ्या रात्री सुमारे सत्तावीसशे मीटरवरील नारकंडा, मग त्याच उंचीचे सांगला दोन रात्री, त्यातल्या एका दिवशी सुमारे साडेतीन हजार मीटरवरील चितकुलला जाऊन परत सांगल्यात झोपायला येणे, त्यानंतर कल्पा दोन रात्री आणि पाठोपाठ एक दिवस पूर्ण रिकामा. दिवसा उंच जाऊन रात्री खाली झोपण्याची ही रीत आईंनाही मानवेल. कल्प्याच्या सज्जात बसून समोर किन्नर कैलासाची रांग पाहण्यात एक अख्खी सकाळ जाते आणि ती वाया गेली असे कोणालाही वाटत नाही. कल्प्याच्या पायथ्याशी रेकाँग पिओ हे जिल्ह्याचे ठिकाण आहे, तेथे रुग्णालय आहे, पेट्रोल आहे, औषधांची दुकाने आहेत. उरलेले चार दिवस परतीला लागतील.

सोळा-सतरा दिवस काढता आले तर कल्प्यानंतर ताबो (सुमारे ३,३०० मीटर) दोन रात्री आणि काझा तीन रात्री असे चढावे. ताबोचा मठ इ. स. ९९६ मध्ये स्थापन झाला आणि त्याच्या मातीच्या भिंतींआडची चित्रे पाहायला निवांत दिवस हवाच, त्यामुळे शरीराला लागणारी विश्रांती आपोआप घडते. की, लांगझा, हिक्किम ही गावे काझ्याहून दिवसा पाहून यावीत.

रिकाम्या दिवसाबद्दल आणखी थोडे. बेतात तो पहिल्यापासून असावा आणि सगळे सुरळीत चालले म्हणून आधीच खर्च करू नये. दरड कोसळली की किन्नौरचा रस्ता काही तास किंवा दोन दिवसही बंद राहतो आणि रिकामा दिवस हाती नसलेला माणूस मग रात्री गाडी चालवतो. जुलै-ऑगस्टमध्ये तर कुटुंबाला घेऊन तेथे जाऊच नये. ११ ऑगस्ट २०२१ रोजी निगुलसरी येथे दरडीखाली बस आणि इतर वाहने सापडून अनेक माणसे दगावली. त्याआधी काही आठवडे सांगला खोऱ्यात बटसेरीपाशी डोंगरावरून सुटलेल्या दगडांनी पर्यटकांचे प्राण घेतले होते.

आईंच्या डॉक्टरांना ‘पहाडात जात आहोत’ एवढेच सांगू नका. कोणत्या रात्री किती मीटरवर झोपणार, तो कागद त्यांच्यासमोर ठेवा. उंचीवर रक्तदाब वाढू शकतो आणि गोळीची मात्रा आपल्या मनाने बदलायची नसते. उंचीच्या त्रासासाठी दिली जाणारी ॲसिटाझोलामाइड ही गोळीही सर्वांना चालत नाही. सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास ते आवर्जून सांगावे.

प्रश्न : आमची १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक सहा वर्षांची आहे. पहाडासाठी चारही चाकांवर चालणारी मोठी गाडी भाड्याने घ्यावी का? (देवास)

उत्तर : शिमला, किन्नौर आणि काझ्यापर्यंतच्या रस्त्याला फोर बाय फोरची गरज नाही, आपली गाडी पुरेशी आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला ढोबळमानाने दहा टक्के कमी होते, म्हणजे काझ्याला पोहोचेपर्यंत तिसरा हिस्सा गेलेला असतो. त्यामुळे पाच माणसे, भरलेली डिकी आणि वर कॅरिअर असा भार या गाडीवर घालू नये. चार माणसे आणि मोजके सामान घेतले तर ती तक्रार करणार नाही. चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवण्याची सवय शहरातल्या सिग्नलवर लागलेली असते, ती डोंगरात क्लच जाळते. हँडब्रेक लावून गाडी उचलायला शिकून घ्यावे.

खरी परीक्षा उतारावर होते. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरावे, वेग इंजिनाने रोखावा आणि ब्रेकला मधूनमधून विसावा द्यावा. सतत दाबलेले ब्रेक तापतात आणि मग लागत नाहीत. राऊ-खलघाट मार्गावरील गणपती घाटात ट्रकचे काय होत आले आहे, हे माळव्यात कोणाला सांगायला नको. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे जिवाशी खेळणे आहे, कारण इंजिन बंद झाले की ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारी मदतही बंद होते. निघण्यापूर्वी सिमरोळचा घाट सामान भरलेल्या गाडीने दोन-तीनदा चढून उतरावा आणि त्यानंतर ब्रेक पॅड, कूलंट, टायर तपासून घ्यावेत. स्टेपनीत हवा आहे का, हे बहुतेक जण पाहत नाहीत. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, असा नियमच आहे.

वितळत्या बर्फाचे नाले रस्त्यावरून वाहतात तेथे सकाळी लवकर पोहोचावे. रात्रीच्या थंडीने वितळणे मंदावलेले असते आणि पाणी कमी असते. तोच नाला दुपारी तीन वाजता हॅचबॅकला अडवू शकतो.

प्रश्न : मुलांच्या हट्टामुळे दोन रात्री तंबूत राहायचे ठरवले आहे. जागा कशी निवडावी आणि स्वयंपाकाची काय व्यवस्था करावी? (महू)

उत्तर : नदीकाठची वाळूची सपाट जागा सर्वांत मोहक दिसते आणि तीच टाळावी. ती सपाट असते ती पाणी तेथवर येऊन गेलेले असते म्हणून. ८ जून २०१४ रोजी मंडी जिल्ह्यात ब्यास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे चोवीस विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. वर आकाश निरभ्र असतानाही पाणी चढू शकते. तसेच ज्या उताराच्या पायथ्याशी ताजे, टोकदार दगड पसरलेले दिसतात, तेथेही मुक्काम करू नये. गावाच्या कडेला परवानगी घेऊन, शक्य तर होमस्टेच्या अंगणात तंबू लावावा. मुलांना तंबू मिळतो आणि रात्री थंडीने कोणी कुडकुडू लागले तर पाच पावलांवर पक्की खोली असते. पहिल्या वेळी मी दुसरे काही सुचवणार नाही. तंबू दिवसाउजेडी उभा करावा आणि त्याआधी एकदा घराच्या गच्चीवर लावून पाहावा.

थंडी वरून येते त्याहून अधिक जमिनीतून येते, म्हणून जाड पांघरुणापेक्षा अंगाखालच्या चांगल्या मॅटवर पैसे खर्च करावेत.

स्वयंपाक तंबूच्या बाहेरच करावा, पाऊस असला तरी. बंद तंबूत शेगडी, कोळसे किंवा स्टोव्ह पेटवल्याने कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. काचा लावून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपण्यातही तोच धोका आहे. ब्युटेनची छोटी डबी शून्य अंशाच्या आसपास पेटेनाशी होते, तेव्हा प्रोपेन मिसळलेली डबी घ्यावी. उंचीवर पाणी लवकर उकळते, चार हजार मीटरवर साधारण ८७ अंशांनाच, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. लहान कुकर सोबत असू द्यावा. पहिल्या रात्रीसाठी मेतकूट-भात किंवा घरून आणलेल्या दशम्या पुरेत.

कचऱ्याबाबत इंदूरकडच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज पडू नये. ओला-सुका वेगळा करण्याची सवय आपल्या घराघरांत रुजली आहे, तीच गाडीतही पाळावी आणि सुका कचरा मोठ्या गावापर्यंत परत आणावा.

प्रश्न : किन्नौर-स्पितीसाठी परवाना लागतो का? सोबत अमेरिकन पारपत्र असलेला भाचा आहे. (ग्वाल्हेर)

उत्तर : भारतीय नागरिकांना या रस्त्यासाठी परवाना लागत नाही. परदेशी नागरिकांना रेकाँग पिओच्या पुढे ताबोपर्यंतच्या सीमाभागासाठी इनर लाइन परवाना घ्यावा लागतो. भाच्याचा परवाना पिओला काढावा आणि त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा.

प्रश्न : यजमान आणि मुले उत्साहात आहेत, परंतु वाटेतली स्वच्छतागृहे, मुलीची मासिक पाळी आणि तेथेही माझ्याच गळ्यात पडणारा स्वयंपाक या विचाराने मला ही सहल नकोशी वाटते. मी चुकीचा विचार करते आहे का? (स्नेहलतागंज, इंदूर)

उत्तर : ताई, आपण अगदी योग्य विचार करत आहात आणि हे तीनही प्रश्न मार्ग ठरवण्यापूर्वी घरात मांडले गेले पाहिजेत. रामपूरच्या पुढे स्वच्छ शौचालय हॉटेलात किंवा मोठ्या ढाब्यावरच मिळेल, मध्ये तास-दोन तास काहीही नसते. ते टाळण्यासाठी बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि कोरड्या, विरळ हवेत ते फार वाईट. शरीरातले पाणी घटल्याने होणारी डोकेदुखी आणि उंचीची डोकेदुखी मग वेगळी ओळखताही येत नाही. झटपट उभा राहणारा शौचासाठीचा छोटा तंबू बाजारात मिळतो. तो, एक खुरपे आणि हात धुण्याचे पाणी डिकीत सर्वांत वर ठेवावे. उघड्यावर जावे लागले तर पाण्यापासून किमान साठ मीटर दूर जाऊन वीतभर खड्डा खणावा. वापरलेले पॅड पुरू नयेत. कागदात गुंडाळून बंद पिशवीत ठेवावेत आणि गावात आल्यावर टाकावेत. पॅड तेथे हमखास मिळतील असे धरू नका, घरून जास्तच न्या आणि मुलीच्या स्वतःच्या पिशवीत ठेवा, म्हणजे तिला चारचौघांत मागावे लागणार नाहीत.

स्वयंपाकाचे उत्तर यजमानांनी द्यायचे आहे. ज्यांना तंबूत राहायचे आहे त्यांनीच तेथली चूल सांभाळावी, भांडी घासावीत आणि सकाळचा चहा करावा, हे निघण्यापूर्वी ठरवून घ्या. त्याची रंगीत तालीम आपल्याच स्वयंपाकघरात एका रविवारी होऊ द्या. त्या दिवशी आपण ओट्याकडे फिरकू नये. तेवढे जमले नाही तर तंबूचा बेत रद्द करून सगळे मुक्काम होमस्टेत ठेवावेत. तेथे घरचेच गरम जेवण मिळते आणि स्पितीत ते ज्वारी-गव्हाऐवजी सातूचेही असू शकते, हे मुलांना आधी सांगून ठेवा.